‘आपल्या माणसाला’ मत मागणे कोठपर्यंत चालते?

दांडियाबाजारकर (प्रश्न):
बडोद्याच्या प्रत्येक वॉर्डातून चार नगरसेवक निवडले जातात, त्यामुळे पॅनलमध्ये कोणत्या समाजाचा कोण घेतला, याचीच चर्चा अधिक होते. गेल्या महापालिका निवडणुकीत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक ध्वनिफीत आली. पॅनलमधील एका मुस्लिम उमेदवाराचे नाव घेऊन, ‘हा निवडून आला तर शेजारचा फ्लॅट कोणाला विकला जाईल याचा विचार करा,’ असे एक अनोळखी आवाज सांगत होता. त्या उमेदवाराच्या कामाविषयी त्यात अवाक्षर नव्हते. त्याच सुमारास मराठी कुटुंबांसाठी दुसरा संदेश फिरला: ‘गायकवाडांच्या नगरीत मराठी माणसाचे मत मराठी माणसालाच.’ पहिल्या संदेशाविरुद्ध तक्रार करता येते का? दुसऱ्यात मला काही वावगे वाटले नाही, म्हणून तो मी स्वतः पुढे पाठवला होता.

वकिलीतून निवृत्त:
दांडियाबाजारकर, आधी तुमच्या दुसऱ्या संदेशाविषयी सांगतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) मध्ये ज्यांच्या आधारे मत मागणे वर्ज्य आहे, त्यांत धर्म, वंश, जात आणि समाज यांच्याबरोबर भाषेचाही उल्लेख आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने २ जानेवारी २०१७ रोजी, चार विरुद्ध तीन अशा मतांनी, हे आवाहन उमेदवाराच्या धर्माचे वा भाषेचे असो की मतदाराच्या, ते भ्रष्ट आचरणच (ज्यावरून निवड रद्द होऊ शकते) ठरते असा निर्णय दिला. ते प्रकरण मुंबईतील सांताक्रूझ मतदारसंघाच्या १९९० च्या निवडणुकीतून उभे राहिले होते, म्हणजे निकाल लागेपर्यंत पाव शतक उलटून गेले.

हा कायदा लोकसभा व विधानसभा निवडणुकांचा आहे. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो आणि तिचे कायदे वेगळे आहेत. परंतु धर्म, वंश, भाषा इत्यादींच्या आधारे समाजासमाजांत वैर पसरवण्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे आणि ते कलम कोणत्याही निवडणुकीत लागू होते. पहिली ध्वनिफीत त्या दृष्टीने पोलिसांकडे देण्याजोगी आहे.

निवडणूक रद्द करून घेणे मात्र फार अवघड असते, कारण प्रचार उमेदवाराच्या संमतीने झाला हे सिद्ध करावे लागते. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत धर्माच्या नावावर मते मागणाऱ्या सभा उघड झाल्या होत्या आणि उमेदवार तेथे हजर होता, म्हणून ते शक्य झाले. निनावी ध्वनिफितीची जबाबदारी कोण घेणार?

रावपुऱ्याची सून:
काकांचे कायद्याचे म्हणणे मान्य आहे, पण दोन्ही संदेश एकाच मापाने मोजणे मला पटत नाही. पहिला शेजाऱ्याची भीती घालतो. दुसऱ्यात कोणाचा द्वेष नाही. मराठी शाळेचे वर्ग ओस पडत असताना त्याबद्दल बोलणारा नगरसेवक हवा, असे आम्हाला वाटले तर त्यात गैर काय?

वकिलीतून निवृत्त:
ताई, शाळेचा प्रश्न मांडण्यास कोणाचीच हरकत नाही. त्या निकालातील अल्पमताचा भरही याच मुद्द्यावर होता: भाषेमुळे किंवा जातीमुळे एखाद्या समाजाला सोसाव्या लागणाऱ्या अन्यायाची चर्चा निवडणुकीत व्हायलाच हवी. पण या संदेशात शाळा कोठे आहे? त्यात केवळ ‘मराठी’ आहे.

कमाटीबागेजवळचा:
‘गायकवाडांची नगरी’ हे शब्द वाचून राहवले नाही. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर याच संस्थानात नोकरीला आले, तेव्हा महाराज मराठी होते आणि बाबासाहेबांची भाषाही मराठी होती. तरीही जातीमुळे त्यांना शहरात राहायला घर मिळाले नाही. पारशी असल्याचे सांगून एका पारशी धर्मशाळेत ते राहिले, तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. आणि आज पुन्हा फ्लॅट कोणाला मिळणार याच प्रश्नावर मते मागितली जात आहेत. ‘आपला माणूस’ म्हणताना त्या वेळच्या मराठीभाषक बडोदेकरांनी बाबासाहेबांना कोठे बसवले होते?

दांडियाबाजारकर:
ध्वनिफीत मी जपून ठेवली आहे, परंतु ती गटावर येण्यापूर्वी अनेकदा पुढे पाठवली गेलेली होती, त्यामुळे मूळ पाठवणारा कळत नाही. मराठीचा संदेश मी सुमारे चाळीस जणांना पाठवला होता. काका, तक्रार देताना तोही दाखवावा लागेल का?