शब्दचर्चा: ‘मणका उघडा’ म्हणजे नेमकं काय उघडं?

गटप्रवर्तक (आशाताईंच्या कामावर देखरेख करणारी), धारणी: रिपोर्टवर ‘स्पायना बिफिडा’ लिहून येतं, घरच्यांना आपण ‘मणका उघडा’ सांगतो. पण एका लेकराले काहीच होत नाही, दुसऱ्याचे पाय लुळे. शब्द एकच कसा काय?

बालरोगतज्ज्ञ: शब्द अपुरा पडतो, ताई. मणका हाडाचा, मज्जारज्जू त्याच्या आतला. गर्भात ज्या नळीपासून मेंदू आणि रज्जू बनतात ती मज्जानलिका, गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. ती मिटली नाही तर रज्जूच उघडा राहतो. मग पाय, लघवी, संडास तिन्हींचं अवघड. नुसती मणक्याची मागची कमान जुळली नसेल तर बहुतेकांना त्रास नसतो, भलत्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत ते सापडतं. म्हणून ‘रज्जू उघडा’ आणि ‘कमान न जुळलेली’ असं वेगळं म्हणा.

रेडिऑलॉजिस्ट: पोटातच फरक कळतो. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत कपाळाची हाडं दबून डोकं लिंबाच्या आकाराचं आणि लहान मेंदू केळ्यासारखा वाकलेला दिसला, तर रज्जू उघडा असण्याची दाट शंका. कातडीने झाकलेल्या प्रकारात डोकं सहसा नॉर्मल दिसतं.

‘झाकलेला’ म्हणजे बिनधोक, असं मात्र नाही. कातडीखाली चरबीचा गोळा रज्जूला चिकटलेला असू शकतो. रज्जूचं टोक कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी हवं. तिसऱ्याच्याही खाली असेल तर रज्जू अडकल्याची शंका घ्यायची. जन्मलेल्या बाळाच्या कंबरेवर मधोमध केसांचा झुपका किंवा गुदद्वारापासून अडीच सेंटिमीटरपेक्षा वर खळगी असेल, तर पहिल्या तीन-चार महिन्यांतच पाठीची सोनोग्राफी करा. तोवर कमानी कूर्चेच्या, म्हणजे मऊ असतात, आतलं दिसतं. पुढे एमआरआयशिवाय गत्यंतर नाही.

गटप्रवर्तक: आन अर्धा मणका?

रेडिऑलॉजिस्ट: तो वेगळा दोष. मणक्याची एक बाजू तयारच होत नाही, पाठ वाकडी वाढते. सोबत किडनी-हृदयातही दोष असू शकतो, म्हणून किडनीची सोनोग्राफी आणि हृदयाची टूडी इको सोबतच सांगायची.

बालरोगतज्ज्ञ: उघड्या रज्जूच्या जागी पाठीवर पाण्याची पिशवी येते, गावात तिला ‘फोड’ म्हणतात, तो शब्द सगळ्यात घातक. फोड म्हटला की कोणीतरी सुई टोचतं. पाणी वाहतं, मेंदूज्वर होतो. पिशवीवर सलाइनने ओला निर्जंतुक गॉज, वर स्वच्छ प्लास्टिक, बाळ पालथं, आणि लगेच रवाना. चिठ्ठीत नुसतं ‘गाठ’ नको. ‘कंबरेवर मधोमध, कातडी नाही, पाणी झिरपतं, पाय हलत नाहीत’ एवढं लिहा.

आणखी एक, नलिका मिटायला फोलिक अॅसिड लागतं. ते असलेल्या लोहाच्या लाल गोळ्या चौथ्या महिन्यात सुरू होतात, तोवर नलिका कधीचीच मिटलेली असते. म्हणून फोलिक अॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याआधीपासून हवं. आधीचं बाळ असं झालं असेल तर डॉक्टरला विचारून त्याच्या दहापट.