अनुभव धागा : शंखी, शेंबडी आणि पावसाळ्यातली बाग

मृगाचे दोन-तीन पाऊस पडले की गोगलगायी झेंडूची, पालकाची, काकडीची रोपं एका रात्रीत नुसत्या देठांवर आणतात. त्यावर काय करता ते या धाग्यात लिहा. नुसतं "मीठ टाका" एवढं नको. किती, कधी, कुठे टाकायचं आणि उपाय फसला तर का फसला, हेही यायला हवं. कुंड्यांपासून मीच सुरुवात करते.

ठाणे, गच्चीवरची बाग

आधी खाणारी गोगलगायच आहे ना, याची खात्री करा. अळी असेल तर पानांवर बारीक काळ्या लेंड्या दिसतात. गोगलगायीच्या वाटेवर वाळलेला चकचकीत पट्टा राहतो आणि पानाला मधूनच वेडीवाकडी भोकं पडतात. तरीही शंका असेल तर रात्री नऊ-दहाला टॉर्च घेऊन बघा. दिवसा शोधून काही हाती लागत नाही.

कुंड्यांत साधारण तीन प्रकार दिसतात. टोकदार शंखावर तपकिरी पट्टे असलेली मोठी, ती आफ्रिकन शंखी. चपटी, कातड्यासारखी, काळपट आणि पाठीवर मधोमध फिकट रेघ असलेली, ती बिनशंखाची शेंबडी. तिसरी सेंटिमीटरभर लांब, पिवळसर, सुईसारखी निमुळती. ही तिसरी बहुतेक कुजका पालाच खाते. बियांच्या ट्रेमध्ये फार झाली तरच वेचा, एरवी तिच्या मागे लागू नका.

कुंडीत लपायच्या जागा ठरलेल्या आहेत: तळाचं भोक, कुंडीच्या ओठाची आतली बाजू, थाळी आणि कुंडी यांमधली फट. कुंड्या विटांवर किंवा स्टँडवर तीन इंच उचलून ठेवल्या की खाली वारा खेळतो आणि तळ कोरडा राहतो. हे एवढंच केलं तरी निम्मं काम होतं. पाणी सकाळी घाला. संध्याकाळी घातलं तर गोगलगायी बाहेर पडतात नेमकी तेव्हा माती ओली असते.

माती बदलताना इंच-दोन इंच खाली साबुदाण्यासारख्या पांढऱ्या-पिवळसर गोळ्यांचा पुंजका लागला तर ती अंडी आहेत. रासायनिक खताचे दाणे समजून ती परत मातीत मिसळली जातात. खताचा दाणा पाण्यात विरघळतो, अंडं विरघळत नाही. संशय असलेली माती दोन इंचांच्या थरात पसरून दोन-तीन दिवस कडक ऊन दाखवा.

लातूर, सोयाबीन आणि बांधावरची फळझाडं

आमच्याकडं हा बागेचा नाही, पेरणीचा प्रश्न आहे. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादेत शंखीनं उगवणारं सोयाबीन खाल्लं आणि कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. पीक दोन दलांवर, म्हणजे बियातून निघालेल्या पहिल्या दोन पानांवर असताना धोका सगळ्यात जास्त असतो, कारण तेव्हा शेंडा खाल्ला की ते रोप संपलं. रोप मोठं होऊन खोड टणक झालं की नुसती पानं जातात, पीक तगतं.

मूळची ही इथली नाहीच. विल्यम बेन्सन या शंखशास्त्रज्ञानं मॉरिशसहून आणलेल्या शंखी १८४७ साली कोलकात्यात चौरंगीच्या बागेत सोडल्या गेल्या. पुढं रोपं, माती, खत यांच्याबरोबर ती पसरत गेली. उन्हाळ्यात शंखाच्या तोंडावर पांढरं झाकण लावून बांधाच्या दगडांत, पाचटाखाली, जुन्या उकिरड्यात निपचित पडून राहते. ठिबकवर बारमाही ओल असलेल्या बागेत तर तिला तेवढंही झोपावं लागत नाही. म्हणून उन्हाळ्यात खोल नांगरट करा, बांधावरचं गवत काढा, दगडांचे ढीग हलवा. जूनमध्ये औषधाला जो पैसा जातो, त्याच्या निम्म्यात हे काम होतं.

पहिल्या पावसानंतरचे पंधरा-वीस दिवस हेच वेचायचे दिवस. एक शंखी एका वेळी शंभर ते चारशे अंडी घालते आणि अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात. नर-मादी असा भेद नाही, प्रत्येक शंखी अंडी घालते. अंडी घालण्याआधी शंभर वेचल्या तर पुढच्या हजारो टळतात.

गुळाच्या पोत्याची रीत परभणीच्या कृषी विद्यापीठानंही सांगितलेली आहे. एक लिटर पाण्यात २०० ग्रॅम गूळ विरघळवा, गोणपाट त्यात पूर्ण भिजवा, पिळू नका. सूर्य मावळताना बांधाच्या कडेनं दर दहा-बारा पावलांवर एक अंथरा. सकाळी ऊन चढायच्या आत उचला. आठ वाजले की निम्म्या परत दगडांत गेलेल्या असतात. पोतं वाळलं तर खाली एकही सापडत नाही, म्हणून कोरड्या रात्री ओल तपासायला हवी.

वेचलेल्या शंखी दहा लिटर पाण्यात एक किलो मीठ टाकून त्यात बुडवा आणि वर झाकण ठेवून दगड ठेवा. साध्या पाण्यातून भिंत चढून बाहेर येतात. ते खारं पाणी शेतात ओतू नका. मेलेल्या शंखी दोन-तीन फूट खड्ड्यात चुना टाकून पुरा.

मेटाल्डिहाइड हे गोगलगायी मारायचं औषध, त्याच्या २.५ टक्के गोळ्यांचं प्रमाण एकरी दोन किलो. बांधालगत आणि लपायच्या जागांभोवती टाका, पिकावर फेकू नका. गोळी खाल्ली की शंखीचा चिकट द्राव वाहून जातो, अंगातलं पाणी संपतं आणि ती जागीच लुळी पडते. पण त्याच रात्री पाऊस आला किंवा जागा ओलीच राहिली तर पाणी शोषून ती परत उठते. "गोळ्या बनावट निघाल्या" ही तक्रार बहुतेक वेळा यामुळंच होते. पाऊस उघडलेली संध्याकाळ बघून टाका आणि सकाळी लुळ्या पडलेल्या वेचून काढा.

दापोली, सुपारी-केळी-पपई

लातूरकरांचं पटलं, पण आमच्या पावसात पोतंही सडतं आणि गोळ्याही विरघळतात. बांधाला चुन्याचा चार इंची पट्टा मारतात, तो कोकणात एका सरीत वाहून जातो. चुना कोरडा असेपर्यंतच अडवतो. भिंतीला लावलेला चुना तर शंखी रात्री चाटून खाते, तिला शंखासाठी कॅल्शियम लागतं.

इथे झाडावर चढण्याआधीच अडवावी लागते. त्यासाठी खोडाला बोर्डो मलम: एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आदल्या रात्री पाच लिटर पाण्यात फडक्याच्या पुरचुंडीत बांधून वरच्या वर लटकत ठेवा. बादलीच्या तळाशी टाकलं तर विरघळतच नाही. चुना वेगळ्या पाच लिटरात विरवा, पूर्ण गार होऊ द्या, गाळा. मग दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्या, लोखंडाची नकोत. रंग आकाशी निळा यायला हवा. घासून लख्ख केलेलं लोखंडी पातं मिनिटभर त्यात बुडवून काढा. त्यावर तांबूस लेप चढला तर मोरचूद मोकळं आहे, साल भाजेल. आणखी चुन्याचं पाणी घाला आणि पातं लख्ख निघेपर्यंत पुन्हा बघा. मलम त्याच दिवशी वापरा. जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत कुंच्याने लावा, खोड कोरडं असताना, म्हणजे मेअखेरीस. केळीच्या सुकलेल्या पानांची झालर खोडाला लोंबत असेल तर मलम लावून उपयोग नाही, ती झालरच शिडी होते. आधी ती कापा.

दरवर्षी भरमसाट लावू नका. मोरचुदातलं तांबं मातीतून जात नाही, साठत राहतं आणि गांडुळांना बाधतं.

तळेगाव, रोपवाटिका

घरात शंखी येते ती बहुधा विकत आणलेल्या रोपाबरोबर. नवं रोप पिशवीतून काढून मुळांचा गोळा चारही बाजूंनी बघा आणि दोन आठवडे बाकीच्यांपासून लांब ठेवा. शेणखत, नदीची मळी, जुन्या विटा याही वाटांनी ती येते.

मातीत बिअरची वाटी पुरली की गोगलगायी त्यात पडून मरतात, हे खूप ऐकलं असेल. गोगलगायीला ओढतो तो खमिराचा वास. एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे साखर आणि एक चमचा यीस्ट घातलं की तेच काम होतं. वाटीचा काठ मातीच्या सेंटिमीटरभर वर ठेवा, म्हणजे उपयोगी भुंगेरे आत पडत नाहीत. पाऊस पडला की द्रावण पातळ होतं, वर करवंटी तिरकी टेकवा. शेंबड्यांसाठी हे चांगलं चालतं. मोठी शंखी मात्र पिऊन निघून जाते.

लीड्स, इंग्लंड

इथे डेलिया आणि होस्टा लावणाऱ्या प्रत्येकाला हाच त्रास. मेटाल्डिहाइड बाहेर वापरायला २०२२ पासून बंदी आहे. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या मिळतात. त्या खाल्ल्यावर गोगलगाय खाणं थांबवते आणि जमिनीत जाऊन मरते, त्यामुळे मेलेल्या दिसत नाहीत. लोक "काहीच झालं नाही" म्हणून दुप्पट टाकतात. तसं करू नका.

रोपाभोवती तांब्याची पट्टी किंवा अंड्याची टरफलं लावली की गोगलगाय अडते असं म्हणतात, त्यावर लिहायलाच हवं. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या इथल्या बागकाम संस्थेने लेट्यूसवर तांब्याची पट्टी, खडी, लोकरीच्या गोळ्या, झाडाची साल आणि टरफलं यांची चाचणी केली. २०१८ मध्ये निष्कर्ष आला की एकाही अडथळ्याने नुकसान कमी झालं नाही.

मला सगळ्यात भरवशाचे वाटतात ते सूत्रकृमी, म्हणजे गोगलगायींना मारणारे अगदी बारीक कृमी. पाकिटातून जिवंत येतात, पाण्यात मिसळून झारीने घालायचे. माती ओली आणि पाच अंशांच्या वर असावी लागते, असर साधारण सहा आठवडे टिकतो. जमिनीत राहणाऱ्या शेंबड्यांवर उत्तम, शंखवाल्यांवर कमी.

कोल्हापूर, पशुवैद्यक

मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांत कोंड्यासारखं खाद्य असतं, कुत्री ती आवडीने खातात. एक ते तीन तासांत लाळ, थरथर, झटके, अंगाला भट्टीसारखा ताप. याला नेमका उतारा नाही, झटके आवरत जीव वाचवावा लागतो. घरी मीठ-पाणी पाजून ओकारी काढू नका. गोळ्यांचं पाकीट घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. घराजवळच्या बागेत या गोळ्या मुळीच नकोत, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं, उघड्या हातांनी शंखी उचलू नका. उंदरांच्या फुप्फुसातला एक कृमी हिच्या अंगात वाढतो आणि माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. हातमोजे किंवा चिमटा वापरा. शंखी फिरलेल्या वाफ्यातली कोथिंबीर, पालक कच्चा खायचा असेल तर एकेक पान वाहत्या पाण्यात धुवा. मुलांना शंखीशी खेळू देऊ नका.

वेल्हे, डोंगरालगतची परसबाग

एक विनंती. सह्याद्रीत स्थानिक गोगलगायी पुष्कळ आहेत, त्या बागेचं फार काही बिघडवत नाहीत. ओळख पटल्याशिवाय सरसकट मारू नका. भारद्वाज शंखी फोडून खातो. काजव्याची अळी गोगलगायीच्या शंखात शिरून तिला खाते. कुंपणाची झुडपं राखली तर भारद्वाज राहतो, रात्रीचे दिवे कमी केले तर काजवे टिकतात.

आणि रिकामे शंख उचला. उताणा पडलेला मोठा शंख पावसाने भरतो आणि त्यात डास अंडी घालतात. वेचून फोडा आणि मातीत गाडा.