मदत हवी आहे: मुलगा अमेरिकन फुटबॉलच्या सराव कॅम्पला, आणि आमची झोप उडालीय

नमस्कार मंडळी. आम्ही ओहायोत राहतो. थोरला यंदा बिग टेनमधल्या (ही कॉलेज संघांची एक लीग) एका कॉलेजच्या संघात गेलाय, पण स्कॉलरशिपशिवाय, वॉक-ऑन म्हणून. ऑगस्टचा कॅम्प सुरू आहे. पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट घालून सराव, खांद्याचे पॅड नंतर.

काल व्हिडिओ कॉलवर त्याने हात दाखवले. दोन बोटं चिकटपट्टीने एकत्र बांधलेली, कोपरापर्यंत खरचटलेलं. त्याचं त्याला काहीच नव्हतं. हळूच म्हणाला, "आई, माझ्याच जागेवर पोर्टलमधून तिघं आलेत." (पोर्टल म्हणजे खेळाडूंनी कॉलेज बदलायची यादी.) तिघंही दुसरीकडे दोन-दोन वर्षं खेळलेले. 2025 पासून संघात 105 च खेळाडू ठेवता येतात, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय.

कुणाची मुलं यातून गेली असतील तर सांगा ना, नाव कमी करायचं असेल तर साधारण कधी कळवतात? पालकांनी कोचला फोन करावा का? यांचा आग्रह आहे, मला मात्र ते बरं वाटत नाही.

आणखी एक. पोरगा आतापासूनच बिग टेनच्या इंडियानापोलिसमधल्या अंतिम सामन्याचं बोलतोय. नाव बिग टेन असलं तरी 18 संघ, गट नाहीत, गुणतक्त्यातले पहिले दोनच तिथे जाणार. 2024 मध्ये ओहायो स्टेट मिशिगनकडून 13-10 असं हरलं, त्यांचा हा अंतिम सामना हुकला, आणि राष्ट्रीय विजेतेपद मात्र त्यांनीच जिंकलं! हार-जीत सारखी असली तर दोघं कसे निवडतात, कुणी सोपं करून सांगेल का?