मदत हवी आहे : फ्रेंच प्रेसची कॉफी कडू, गढूळ, आणि दांडा खाली जात नाही

मांजराकाठ (लातूर)
६०० मिलीचा काचेचा फ्रेंच प्रेस आहे, म्हणजे दांड्याच्या टोकाला जाळी असलेलं कॉफीचं भांडं. पावडर फिल्टर कॉफीची. पाकिटावर ७० टक्के कॉफी, ३० टक्के चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड). चार मोठे चमचे, म्हणजे साधारण २० ग्रॅम पावडर, वरून ५५० मिली उकळतं बोअरचं पाणी, पाच मिनिटं झाकण. दांडा अर्ध्यावर अडतो, जोर लावला की कडेनं कॉफी उसळते. कपाच्या तळाशी चिखल बसतो. चव कडू आणि तरीही पाणचट. पाणी कमी तापवावं की प्रेसच बदलावा?

गोदाकाठ (नांदेड)
प्रेस ठेवा, पावडर बदला. फिल्टर कॉफीचं दळण बारीक असतं. प्रेसच्या जाळीतून त्यातली पिठी कपात उतरते आणि उरलेली जाळीवर थापली जाते, म्हणून दांडा अडतो. अडला तर जोर अजिबात लावू नका. काच फुटून उकळती कॉफी अंगावर येते. दांडा बोटभर वर घ्या, थोडं थांबा, मग सावकाश दाबा.

कडू आणि पाणचट एकाच वेळी का, तेही बघा. २० ग्रॅममध्ये खरी कॉफी १४ ग्रॅम. ती ५५० मिलीत म्हणजे एकास ३९. प्रेसला एकास १५ लागतं. रंग आणि कडवटपणा चिकोरी लगेच सोडते, त्यामुळे कॉफी दिसते दाट आणि लागते पातळ.

बिनचिकोरीच्या, मध्यम भाजलेल्या बिया मागवा. चिकमगळूर-कोडगूकडच्या बिया घरपोच मिळतात. पाकिटावर भाजल्याची तारीख असेल तेच घ्या आणि महिन्याभरात संपवा. एका वेळी पाव किलोच्या वर नको, आपल्या उन्हाळ्यात वास फार लवकर उडतो.

कण्या (परभणी)
दळणयंत्र नसेल तर मिक्सरचं चटणीचं भांडं चालतं. ३५ ग्रॅम बिया घ्या, दोन-दोन सेकंदांचे सहा-सात झटके द्या, प्रत्येक झटक्यानंतर भांडं हलवा. सलग फिरवलं तर खालचं पीठ होतं आणि वरच्या बिया अख्ख्या राहतात. ज्वारीच्या बारीक कण्यांसारखं दिसलं की थांबा. मग मैद्याच्या चाळणीनं पिठी काढून टाका. ही पायरी गाळू नका दादा, कपातला निम्मा चिखल इथंच जातो. पिठी दुधात उकळून वापरा.

गोदाकाठ
आता कृती. काच गरम पाण्यानं विसळून घ्या. ३० ग्रॅम भरड, ४५० मिली पाणी. वजनकाटा हवाच, चमच्याचं माप भरड-बारीकनुसार बदलतं. पाण्याच्या तापमानाची काळजी नको. लातूर सुमारे ६०० मीटर उंचीवर, तिथं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबलात की झालं. बिया काळ्या, तेलकट भाजलेल्या असतील तर दोन मिनिटं थांबा.

आधी ८० मिली ओता, सगळी भरड भिजू द्या, ३० सेकंदांनी उरलेलं. चार मिनिटांनी वर आलेला थर चमच्यानं हलकेच मोडा; बरीचशी भरड खाली बसते. फेस काढून टाका आणि आणखी पाच मिनिटं हात लावू नका. भरड जाड आहे आणि पाणी निवत चाललंय, त्यामुळे कडवटपणा फारसा वाढत नाही, गाळ मात्र तळाला बसतो. शेवटी जाळी फक्त पृष्ठभागापर्यंत आणा आणि सावकाश ओता. तळापर्यंत दाबलं की बसलेला गाळ पुन्हा उठतो. ३० ग्रॅम भरड साठेक मिली पाणी धरून ठेवते, म्हणून कपात ३९० च्या आसपास येईल. सगळी लगेच ओतून घ्या.

मांजराकाठ
बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ७८०, आरओचा ४०. कोणतं वापरू? आणि घरात दोघांना दुधाची लागते.

कण्या
नुसतं कुठलंच नको. जड पाण्यातले क्षार कॉफीतला आंबटगोडपणा मारतात, चव खडूसारखी सपाट होते. आरओचं पाणी इतकं हलकं की त्यातही चव नीट उतरत नाही. सात भाग आरओ, एक भाग बोअर मिसळा. टीडीएस १३० च्या पुढेमागे येईल, तो बरोबर आहे. बोअरचं पाणी आधी उकळून, निवळू देऊन वरचं घ्या. किटलीत पांढरं बसतं ते तेवढं खाली राहतं. पाण्याकडे आपल्याकडं कुणी बघत नाही, आणि मराठवाड्यात बघायचं तर पहिल्यांदा तेच.

दुधासाठी ४५ ग्रॅमला ४५० मिली, आणि कपात निम्मं तापवलेलं दूध. दूध प्रेसमध्ये घालू नका, जाळीत साय अडकते.

मांजराकाठ
चाळून केली, चव सुधारली. पण एका बाजूनं अजून कण येतात.

गोदाकाठ
जाळीची कड वाकली असेल. दांड्याच्या टोकाची चकती फिरवून सगळं सुटं करा. परत बसवताना वर स्प्रिंगची चकती, मध्ये जाळी, खाली भोकांची चकती. जाळीची कड सगळीकडून काचेला टेकली पाहिजे; तार उसवली असेल तर नुसती जाळी बदलून मिळते. आठवड्यातून एकदा हे भाग गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून अर्धा तास ठेवा. जुनं तेल साचलं की चांगल्या बियांनाही खवट वास येतो.