टोकदार टोपीच्या कार्यशाळेत मोठ्या माणसांना एवढे काय सापडते?

लक्ष्मीनगरची वाचक यांचा प्रश्न:

नमस्कार. माझी मुलगी आठवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिच्या मावसभावाने पुण्याहून येताना 'विच हॅट अटेलिए' या जपानी मांगाचे (चित्रकथेचे) पहिले तीन खंड आणले आणि तेव्हापासून आमच्या घरातील प्रत्येक वहीची मागची पाने वर्तुळांनी भरू लागली. विशेष म्हणजे यातील एकही वर्तुळ पूर्ण नसते. प्रत्येकात कुठेतरी तांदळाच्या दाण्याएवढी फट असते, आणि मी तो निष्काळजीपणा समजून दोनदा रागावलेही आहे. एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसायचे नाही म्हणून रडणारी हीच मुलगी आता टाक आणि दौत मागते आहे.

म्हणून मी स्वतः ते खंड वाचायला घेतले. (मांगा उजवीकडून डावीकडे वाचायची असते. पहिली दहा पाने मी डावीकडून उजवीकडे, म्हणजे उलटीच वाचली, हे कबूल करते.) कोको ही कपडे शिवणाऱ्या बाईची मुलगी असून जादूगार जन्मावेच लागतात, असे तिला सांगितलेले असते. एके दिवशी किफ्री नावाच्या जादूगाराला काम करताना ती चोरून पाहते, लहानपणी मिळालेल्या पुस्तकातील आकृत्या स्वतःच काढते, त्यात तिची आई दगड होते, आणि आईला सोडवण्यासाठी ती त्याच किफ्रीकडे शिकायला राहते. इथपर्यंत मी गुंतले होते. पुढे मात्र परीक्षा, रुसवेफुगवे, खरेदी, प्रवास असे सारे संथपणे चालते. जादू शिकणाऱ्या मुलांच्या कथा आपण कमी वाचलेल्या नाहीत. तरीही माझ्या कार्यालयातील पस्तिशीच्या दोन सहकारी या मांगाविषयी ज्या जिव्हाळ्याने बोलतात, तो मला कळत नाही. चित्रे सुंदर आहेत, हे उत्तर मला मान्य आहे, परंतु पुरेसे वाटत नाही.

जाता जाता आणखी एक अडचण सांगते. मुलीने 'ही चेटकिणींची गोष्ट आहे' असे सांगितल्यापासून माझ्या सासूबाई त्या पुस्तकांना हात लावायला तयार नाहीत.

कर्कटक यांचे उत्तर:

आधी त्या फटीविषयी, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच आहे. या कथेतील जादू मंत्राने होत नाही, ती शाईने काढावी लागते. मधोमध कोणती शक्ती हवी त्याचे चिन्ह, त्याच्या भोवती त्या शक्तीने काय आणि कोणत्या दिशेने करायचे ते सांगणाऱ्या खुणा, आणि शेवटी या सर्वांना वेढणारे वर्तुळ. वर्तुळ जुळले की त्याच क्षणी जादू सुरू होते. तुमच्या मुलीने फट निष्काळजीपणाने ठेवलेली नाही. तिने आकृती तयार करून ठेवली आहे, पण चालू केलेली नाही. तिला रागावू नका.

मी सत्तावीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांचे कागद तपासता तपासता माझा चष्मा जाड झाला. आपल्याकडे मुलांना चित्रकला नकोशी का होते, हे मी जवळून पाहिले आहे. संकल्पचित्रासाठी बाजारात तयार नमुन्यांच्या पुस्तिका मिळतात, मूल त्यांतील एक नमुना पाठ करते आणि परीक्षेत तोच उतरवून येते. हे रेखाटणे नव्हे, गिरवणे झाले. कोकोच्या हातून घडलेला अनर्थही नेमका गिरवण्यातूनच घडतो. आकृतीचा कोणता भाग काय करतो हे तिला ठाऊक नसते, ती फक्त पुस्तकातील रेघांवरून पेन फिरवते, आणि आई दगड होते. पुढची सगळी कथा म्हणजे गिरवण्यापासून रेखाटण्यापर्यंतचा प्रवास आहे. तो संथ आहे हे तुमचे म्हणणे खरे, पण हात बसायला वेळ लागतोच, आणि लेखिकेने तो वेळ वगळलेला नाही.

त्यामुळे वाचकाला एक सुख मिळते, जे इतर जादूच्या कथांत सहसा मिळत नाही: जादू का चालली आणि का फसली, हे त्याला चित्रातच दिसते. उडण्याच्या बुटांचेच पाहा. प्रत्येक तळव्यावर अर्धी आकृती असते, दोन्ही पाय जुळवले की वर्तुळ पूर्ण होते आणि माणूस हवेत उचलला जातो, पाय विलग केले की जादू थांबते. हे समजल्यावर मी पान उलटून मागे गेलो आणि बुटांचे आधीचे चित्र पुन्हा तपासले. वयाच्या साठाव्या वर्षी चित्रकथेचे पान मागे उलटायला लावणारी लेखिका मला आदरणीय वाटते.

लेखिका कामोमे शिराहामा यांचे शिक्षण टोकियोच्या कला विद्यापीठात डिझाइन विभागात झाले असून मार्व्हल आणि डीसी या अमेरिकी कंपन्यांच्या कॉमिक्सची मुखपृष्ठेही त्यांनी केली आहेत. त्यांच्या पानांवर छाया दाखवण्यासाठी एकमेकींजवळ ओढलेल्या बारीक रेघा भिंगाखाली पाहा. किफ्रीच्या झग्याच्या एका चुणीत मी सहज चाळीस रेघा मोजल्या आणि त्यांतील एकही दुसरीला चिकटलेली नव्हती. पात्रे चौकटींच्या कडांवर टेकतात, चौकटींच्या नक्षीतून बाहेर डोकावतात. जुन्या पोथीचे कोरीव समास असावेत तशी ती पाने आहेत. जादू म्हणजे नेटकी रेघ, असे जी कथा सांगते तिची प्रत्येक रेघ नेटकी असणे भाग होते, आणि तशी ती आहे. म्हणून 'चित्रे सुंदर आहेत' हे उत्तर अपुरे वाटले तरी चुकीचे नाही. येथे चित्र हाच कथेचा पुरावा आहे.

सुट्टीच्या दिवशी मुलीला नागपुरातील महालात चितारओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या वस्तीत, घेऊन जा. गणपतीच्या आधीचे दिवस असतील तर उत्तम. तेथे घरातील लहान मुले आधी मूर्तीवर काचपेपर घासतात, मग अंगाचा रंग लावतात, आणि डोळ्यांची आखणी मात्र घरातील एखादाच जाणता हात करतो. मी एका कारागिराला श्वास रोखून बुबुळाची कड ओढताना पाहिले आहे. रेघ पूर्ण झाल्यावरच त्याने श्वास सोडला आणि समोरची माती आमच्याकडे पाहू लागली. किफ्रीच्या कार्यशाळेतील चार मुली काय शिकतात ते तुमच्या मुलीला तेथे समजेल.

जुना इतवारीकर यांचे उत्तर:

कर्कटक सरांचे रेघेविषयीचे म्हणणे मान्य करूनही मला वाटते की मोठ्या वाचकांना धरून ठेवणारी गोष्ट वेगळी आहे. ही मांगा २०१६ पासून कोदान्शाच्या 'मॉर्निंग टू' या मासिकातून प्रसिद्ध होऊ लागली आणि ते मासिक मुळात प्रौढ वाचकांचे आहे, त्यामुळे पस्तिशीच्या सहकाऱ्यांनी ती वाचण्यात नवल काहीच नाही.

'जादूगार जन्मावाच लागतो' हे वाक्य पहिल्याच प्रकरणात खोटे ठरते. शाई, पेन आणि शिक्षण मिळाले तर जादू कोणालाही येऊ शकते, आणि हेच लोकांना कळू नये म्हणून जन्माची दंतकथा जपली जाते. एखाद्या सामान्य माणसाला हे गुपित कळलेच, तर त्याची स्मृती पुसून टाकणारे पथक आहे. विद्या जन्मावर अवलंबून आहे असे सांगून ती मूठभरांच्या हाती ठेवणे, ही गोष्ट नागपुरात वाढलेल्या माणसाला जपानमधून शिकावी लागत नाही. दीक्षाभूमीपासून चालत जाण्याच्या अंतरावर माझे बालपण गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तेथे काय घडले, हे माझ्या आजोबांनी गर्दीत उभे राहून पाहिले होते. त्यांना शाळेत पाटी वेगळी ठेवावी लागत असे. कोको चोरून विद्या पाहते, ते पान वाचताना मला कोणत्याही जादूगाराची नव्हे, त्या पाटीची आठवण झाली. लेखिकेच्या मनात असे काही असेल असा माझा दावा नाही. वाचक मात्र आपले घर बरोबर घेऊनच वाचतो.

रात्रपाळी यांचे उत्तर:

जुना इतवारीकर यांच्या आठवणीचा पूर्ण आदर ठेवून एक दुरुस्ती सुचवते. या कथेतील गुपित केवळ मूठभरांचा स्वार्थ म्हणून आलेले नाही. पूर्वी जादू सर्वांना ठाऊक होती आणि तिचा युद्धासाठी, माणसांच्या शरीरांवर भयंकर वापर झाला, म्हणून जादूगारांनी करार करून ती झाकली, असा इतिहास कथेतच सांगितला आहे. तेव्हापासून शरीरावर जादू करणे पूर्णपणे निषिद्ध आहे, आणि त्या बंदीत उपचारही आले. करार न मानणारा रुंद काठाच्या टोप्यांचा गट आहे. कोकोच्या हाती ते पुस्तक देणारा त्याच गटातला. वाचताना कोणाची बाजू घ्यावी हे मला अजून ठरवता आलेले नाही, आणि म्हणूनच मी ही मांगा सोडू शकत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कुस्तास नावाचा एक मुलगा अपघातानंतर पायांवर उभा राहू शकत नाही. त्याला बरे करू शकेल अशी विद्या जगात आहे, पण ती वापरणाऱ्याला जादूगारांत स्थान उरत नाही. कोको नियमाच्या आत राहून काय करता येईल ते शोधत राहते, आणि त्या मुलाला ते पुरेसे वाटत नाही. आमच्या विभागात रोज कोणीतरी असेच माझ्याकडे पाहते. 'तुम्हाला येते, मग करत का नाही?' या प्रश्नाला लेखिकेने सोपे उत्तर दिलेले नाही. तसाच तार्ताह: त्याला रंग ओळखता येत नाहीत, म्हणून जादूगार होण्याची वाट त्याच्यासाठी बंद झाल्यासारखी आहे, आणि तो शाई-कागदाच्या दुकानात काम करतो. त्याच्या अडचणीवर कथेने दयेचा मुलामा चढवलेला नाही.

मुलींविषयीही एक वाक्य लिहायला हवे. किफ्रीकडे आधीपासून शिकणारी आगॉट पहिल्या भेटीत कोकोशी इतकी दुष्टपणे वागते की माझ्यासारखीने पुस्तक मिटले असते. परंतु आयुष्यभर सराव करूनही मागे पडण्याची भीती तिच्या मनात आहे हे हळूहळू कळते. रिचेला दुसऱ्यांची जादू शिकायचीच नाही, स्वतःचीच काढायची आहे. प्रत्येक वर्गात अशा दोघी असतातच.

कर्कटक यांची पुरवणी:

रात्रपाळी यांची दुरुस्ती योग्य आहे. 'चेटकीण' या शब्दाबद्दल लिहायचे राहिले होते. मूळ जपानी नावाचा अर्थ 'टोकदार टोपीची कार्यशाळा' एवढाच आहे, त्यात चेटकीण कोठेही नाही. ती इंग्रजी नावातून आली. कथेत जादू करणाऱ्यांसाठी वापरलेला जपानी शब्द स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो, तेव्हा घरात 'जादूगार' म्हणा. आपल्याकडे चेटकीण म्हटले की पिंपळ आणि अमावास्या आठवतात, त्याला सासूबाई काय करणार?

पुरस्कारांवरून कोणाची खात्री पटत असेल तर २०२० मध्ये या मांगाला आयस्नर आणि हार्वी हे कॉमिक्सचे दोन्ही अमेरिकी सन्मान मिळाले. बग फिल्म्स या स्टुडिओची ॲनिमेशन मालिका २०२५ मध्ये यायची होती, ती दर्जासाठी २०२६ वर ढकलण्यात आली. घाईने काढलेल्या वर्तुळाचे काय होते हे ठाऊक असलेल्या चाहत्यांनी या निर्णयावर फार कुरकुर करू नये असे मला वाटते.

टाकाबद्दल: सुरुवातीला फार लवचीक निब देऊ नका, ती कागद फाडते आणि मूल स्वतःला दोष देते. साधी कडक निब, जलरोधक काळी शाई आणि गुळगुळीत कागद एवढे पुरे. निब वापरून झाल्यावर लगेच पुसायला शिकवा.

लक्ष्मीनगरची वाचक यांचे उत्तर:

सर्वांचे आभार. फटीविषयी वाचून मी मुलीची क्षमा मागितली. तिने ती जरा जास्तच ऐटीत स्वीकारली. काल सीताबर्डीतून टाक आणि शाई आणली. पहिल्या तासाभरात ओट्याच्या फरशीवर दोन डाग पडले आहेत, आणि एलिमेंटरीचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख तिने स्वतःहून विचारली.

'संथ' हा माझा शब्द मी निम्मा मागे घेते. दुसरा खंड पुन्हा वाचला, तेव्हा पहिल्या वेळी मी केवळ संवाद वाचत गेले होते आणि आकृत्या नुसत्या नक्षी समजून ओलांडल्या होत्या, हे लक्षात आले. खरेदीची प्रकरणे मात्र मला अजूनही लांबलेली वाटतात.

सासूबाईंना 'जादूगार' हा शब्दही फारसा पटला नाही. तथापि त्यांनी तीस वर्षे घरी ब्लाउज शिवले आहेत, म्हणून मी त्यांच्यापुढे काही न बोलता सुरुवातीचे, कोको आईच्या दुकानात असतानाचे पान उघडून ठेवले. त्यांनी चष्मा लावला, पोरीची कात्री आणि समोरचे कापड बराच वेळ न्याहाळले आणि 'हात चांगला आहे' एवढेच म्हणाल्या. आज दुपारी पाहिले तर त्या आई दगड होते त्या पानापर्यंत पोहोचल्या होत्या, तेही उजवीकडून डावीकडे, आणि त्या बाईला पुढे कोणी सोडवते की नाही ते मला विचारत होत्या. आमच्याकडे तीनच खंड आहेत. चौथा नागपुरात कोठे मिळेल, हे कोणाला ठाऊक असल्यास कृपया कळवावे.