पहिलं मेतकूट विकायला काढायचं कधी?

मऊभात: आईच्या पद्धतीचं मेतकूट विकायचं ठरवून आठ महिने झाले. अकरा लेबलं करून झाली. कधी हिरवा रंग उठून दिसेना, कधी अक्षरं पटेनात. आता पाकीट उभं राहत नाही म्हणून झिपवालं शोधतेय. विक्री शून्य. लिंक्डइनवाले रीड हॉफमन म्हणतात, पहिल्या आवृत्तीची लाज वाटत नसेल तर समजा बाजारात यायला उशीर केलात. मला पटलंय. येत्या रविवारी सोसायटीत साध्या पाकिटांतून 20 नग विकणार. चुकतंय का?

डंकवाला: चुकतंय. हॉफमन सॉफ्टवेअरमधला माणूस. तिथली चूक रात्रीत दुरुस्त करून सकाळी सगळ्यांकडे पोचवता येते. मेतकूट पोटात गेलं की परत बोलावता येत नाही. आणि ते खातं कोण? तापातून उठलेली माणसं, लहान पोरं. गरम पीठ पाकिटात भरलंत तर वाफ धरते, गुठळ्या होतात, कुबट वास येतो. दोन महिने ठेवून बघा, मग विका.

मऊभात: तीन महिन्यांपूर्वीचं पाकीट कालच फोडलं, छान आहे! म्हणूनच म्हणते, आता थांबायचं कशासाठी?

भाजणीकाकू: अजिबात थांबू नकोस गं. मी चकलीची भाजणी अर्धा किलोच्या पाकिटात आणली होती. महिनाभर वजनावर डोकं खाजवलं, आणि पहिल्याच गिऱ्हाइकानं विचारलं, "पाव किलोचं नाही का?" हे घरात बसून कसं कळणार होतं? आणि 2007 च्या पहिल्या आयफोनवर कॉपी-पेस्टसुद्धा नव्हतं, ते 2009 मध्ये आलं. लोकांनी फोन घेतलाच ना?

डंकवाला: काकू, त्या फोनवरून फोन तरी लागत होता.

उतरता_क्रम: रंग नि अक्षरं राहू द्या. लेबलवर लिहिलंय काय? घरून विकलंत तरी एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची, नोंदणी लागते, तिचा 14 अंकी क्रमांक छापावा लागतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, शाकाहारी खूण. मेतकुटात गहू घालत असाल तर ग्लुटेनचा (गव्हातलं प्रथिन, काहींना सोसत नाही) उल्लेखही हवा. अकरांपैकी किती लेबलांवर हे होतं?

मऊभात: एकाही नाही. 🙈

भाजणीकाकू: आठ महिने रंग बघत बसलीस तर असंच होणार. चार गिऱ्हाइकं आली असती तर एकानं तरी तारीख विचारलीच असती.

डंकवाला: हे गिऱ्हाइकानं विचारायची वाट बघायची? काकू, कमाल करता.

उतरता_क्रम: हिंग खड्याचा की डबीतला? डबीतल्यात बहुधा मैदा नाहीतर तांदळाचं पीठ असतं. मैदा असेल तर तेही लिहावं लागेल.

मऊभात: डबीतला. म्हणजे बारावं लेबल.