जपानी टाइप ९९ रायफलच्या मागच्या साइटला हे पंख कसले?

नेमबाज_नवखा:
टाइप ९९ अरिसाकाचे फोटो बघत होतो. एकात मागची साइट (नेम धरायचा भाग) शिडीसारखी उभी केलीये आणि तिच्या सरकत्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी बारीक पट्ट्या बाहेर आल्यात, त्यावर खुणापण कोरल्यात. दुसऱ्या टाइप ९९ ला तर शिडीच नाही, नुसतं एक भोक. दोन्ही खऱ्या का? की एकीचे पार्ट नंतर कुणी बदललेत?

जुनी_काडतुसं:
दोन्ही खऱ्या. ते पंख विमानांसाठी आहेत. आडवं जाणारं विमान ताशी ३६० किमीने चाललंय असं धर, म्हणजे सेकंदाला १०० मीटर, आणि ७.७ मिमीच्या गोळीला ४०० मीटर जायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो, तेवढ्यात विमान ५० मीटरच्या पुढे निघून गेलेलं असतं, म्हणून नेम विमानावर न धरता त्याच्या पुढे धरायचा आणि किती पुढे ते या खुणांवरून ठरवायचं. एकट्या शिपायाने विमान पाडणं जवळपास अशक्यच, पण अख्ख्या तुकडीने एकदम गोळीबार केला तर वैमानिकाला खाली यायची धास्ती बसावी असा हिशोब. मला तर ही साइट फार आवडते, एवढ्याशा जागेत बिजागरीवर दुमडणारे हात बसवायचे म्हणजे कारागिरी लागते.
नुसत्या भोकाची रायफल युद्धाच्या शेवटाकडची. माल कमी, बॉम्बहल्ले चालू, मग एकेक करून पंख गेले, पुढचा तारेचा मोनोपॉड (एकपायी टेकू) गेला, धूळझाकण गेलं, शेवटी शिडी काढून न हलणारी साइट लावली आणि बटाला (खांद्याला टेकतो त्या टोकाला) लोखंडी प्लेटऐवजी लाकडाची फळी ठोकली. कलेक्टर लोक हिला लास्ट डिच, म्हणजे शेवटच्या धडपडीतली, म्हणतात.

तेलकट_बोल्ट:
+१. फक्त एक बघ, फिक्स साइटवाली दिसली की लगेच लास्ट डिच म्हणू नकोस. शाळकरी पोरांच्या कवायतीसाठी ट्रेनिंग रायफली बनवलेल्या, बऱ्याच स्मूथबोअर (आतून गुळगुळीत नळीच्या), फक्त ब्लँकसाठी (बिनगोळीच्या काडतुसांसाठी). त्यात खरं काडतूस घातलं तर जिवावर बेतेल, आधी नळीत रायफलिंग (आतल्या पिळदार खाचा) आहे का बघ.

नेमबाज_नवखा:
हे माहीतच नव्हतं, बरं झालं विचारलं. स्नायपरवाल्यांची दुर्बीण डावीकडे सरकवलेली का असते?

जुनी_काडतुसं:
वरून ५ गोळ्यांची क्लिप दाबून भरता यावी म्हणून. १९३७ ची टाइप ९७ स्नायपर रायफल बघ, ६.५ मिमी, दुर्बीण २.५ पट. आणि गंमत म्हणजे ती दुर्बीण फिरवून ॲडजस्ट करता येत नाही, कारखान्यातच त्या एका रायफलशी जुळवून दिलेली, म्हणून रायफलवर दुर्बिणीचा नंबरही ठोकलेला असतो. विकत घेताना दोन्ही नंबर जुळतात का ते आधी बघायचं.